जखमेवरची माशी आणि मढ्यावरची माशी: एका ओळखीचा इतिहास

१/
'किडे पडून मरशील' हा मराठीतील जुना शाप. आज तो रागाच्या भरात सहज तोंडून जातो. पण ज्या समाजात तो घडला, त्या समाजाने हे दृश्य डोळ्यांनी पाहिलेले होते. बैलाचा सोलपटलेला खांदा, नुकत्याच जन्मलेल्या वासराची ओली नाळ, अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे नाक, अशा जिवंत देहात अळ्या पडत आणि जिवंत मांसावर वाढत. त्या अळ्या नेमक्या कोणत्या माशीच्या, हे भारतात निश्चित व्हायला १९२० साल उजाडावे लागले. त्या निश्चितीचा इतिहास या धाग्यात मांडत आहे.

२/
सुरुवात हिंगोलीपासून करू. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्याआधीचा त्याचा इतिहास परभणीचा आणि १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा. कोरडवाहू शेती, लाल कंधारी जातीची जनावरे आणि वसमतची हळद ही या भागाची ओळख. पोळ्याच्या आदल्या दिवशी येथे खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप किंवा लोणी चोळले जाते. सणाच्या या विधीत एक जुनी चिंता दडलेली आहे. जुवाने खांदा सोलपटतो, पावसाळ्यात ती जखम लवकर वाळत नाही आणि ओल्या जखमेवर माशी येते.

३/
पण कोणती माशी? मराठीत आपण घरमाशी, गोमाशी, मधमाशी असे भेद करतो. निळ्या-हिरव्या धातूसारख्या झळाळीच्या, घरमाशीहून थोराड माश्यांना मात्र बहुधा एकच नाव मिळते: हिरवी माशी किंवा निळी माशी. शास्त्रात या कुळाला कॅलिफोरिडी म्हणतात. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ 'सौंदर्य धारण करणारी'. उकिरडा, मांसाचे दुकान, मेलेले जनावर आणि उघडी जखम या ठिकाणी दिसणाऱ्या कुळाला इतके देखणे नाव मिळावे, हा नामकरणाच्या इतिहासातील एक विनोदच म्हणायचा.

४/
आपल्या कथेत या कुळातील दोन माश्या मुख्य आहेत. पहिली क्रायसोमिया मेगासेफाला, म्हणजे 'मोठ्या डोक्याची'. योहान ख्रिश्चन फाब्रिसियस या डॅनिश शास्त्रज्ञाने तिला १७९४ मध्ये नाव दिले. ती विष्ठा, कुजके मांस आणि मृतदेह यांवर वाढते. दुसरी क्रायसोमिया बेझियाना. तिची अळी केवळ जिवंत, उष्ण रक्ताच्या प्राण्याच्या मांसात वाढते. आकार, रंग, झळाळी यांत दोघी इतक्या सारख्या, की नुसत्या नजरेने त्या वेगळ्या करता येत नाहीत. स्वभाव मात्र अगदी विरुद्ध. एक मेलेल्यावर जगते, दुसरी जित्या जिवावर.

५/
माशी आणि अळी यांचा संबंध आपल्याकडे प्राचीन काळापासून ठाऊक होता. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात व्रणाचा विचार करताना माश्या जखमेवर येऊन कृमी सोडतात, ते कृमी मांस खातात आणि त्यामुळे भयंकर सूज येते, असे वर्णन आहे. त्या कृमींना जखमेबाहेर काढण्याचे उपायही तेथे सांगितले आहेत. डोक्यात कृमी होऊन उद्भवणारा शिरोरोगही संहितेला परिचित आहे. म्हणजे अळ्या आपोआप उत्पन्न होत नाहीत, त्यांना माशी आणते, हे निरीक्षण ग्रंथबद्ध झालेले होते.

६/
युरोपात ही गोष्ट प्रयोगाने सिद्ध झाली ती १६६८ मध्ये. इटलीतील वैद्य फ्रान्सेस्को रेदी यांनी काही भांड्यांत मांस उघडे ठेवले आणि काही भांडी झाकली. उघड्या मांसात अळ्या झाल्या, झाकलेल्यात झाल्या नाहीत. जिवंत शरीरात माशीच्या अळ्या होण्याच्या विकाराला १८४० मध्ये फ्रेडरिक विल्यम होप यांनी 'मायासिस' हे नाव दिले. विकाराला नाव मिळाले, पण तो घडवणारी माशी कोणती, हा प्रश्न तसाच राहिला.

७/
एकोणिसाव्या शतकात भारतात काम करणाऱ्या डॉक्टरांच्या लेखनात 'पीनस' हा शब्द वारंवार भेटतो. मूळ संस्कृतात त्याचा अर्थ नाकाचा जुनाट विकार. या डॉक्टरांनी तो नाकात अळ्या पडण्यासाठी वापरला. नाकातून दुर्गंधी, रक्त, असह्य वेदना, चेहऱ्यावर सूज आणि शेवटी टाळूला किंवा नाकाला भोक, असे त्याचे स्वरूप. कुष्ठरोगी आणि नाकाचा जुना क्षय असलेले गरीब रुग्ण त्याला अधिक बळी पडत. गोठ्यातला बैल आणि दवाखान्याबाहेरचा माणूस यांची व्यथा येथे एकच होती.

८/
मग दोषी माशी ओळखायला इतका उशीर का झाला? कारण पुराव्याच्या स्वरूपात आहे. बेझियाना आपल्याला सहसा दिसत नाही. ती जखमेच्या कडेला अंडी घालते आणि निघून जाते. जाळ्यांत आणि सापळ्यांत ती क्वचितच सापडते. जखम चिघळून दुर्गंधी सुटली, की मेगासेफाला आणि तिच्यासारख्या इतर माश्या तिथे गर्दी करतात. पाहणारा येतो तो या वेळी. त्याला जी माशी जखमेवर घोंगावताना दिसते, तिच्यावरच तो ठपका ठेवतो.

९/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही चूक ओळखीची वाटेल. घटनास्थळी उशिरा पोहोचलेल्यांचीच नोंद कागदावर अधिक होते आणि घटना घडवून गेलेला त्या नोंदीत नसतो. दप्तरात ज्याचे नाव वारंवार येते तोच कर्ता, असे मानण्याचा मोह आपल्यालाही होतोच. माश्यांच्या बाबतीत या मोहाची किंमत जनावरांनी आणि माणसांनी मोजली.

१०/
अशी किंमत याच हैदराबाद संस्थानात आणखी एका किटकाच्या बाबतीत मोजली गेली होती. रोनाल्ड रॉस १८९५ पासून सिकंदराबादेत डासांमध्ये हिवतापाचा परजीवी शोधत होते. दोन वर्षे त्यांच्या हाती काही लागले नाही, कारण ते ज्या डासांची चिकित्सा करत होते त्यांत हा परजीवी वाढतच नाही. २० ऑगस्ट १८९७ रोजी ठिपकेदार पंखांच्या वेगळ्या डासाच्या जठरात त्यांना तो सापडला. तो ॲनाफिलीस होता. कष्ट, बुद्धी आणि सूक्ष्मदर्शक आधीही होतेच. डासाची जात तेवढी बदलली.

११/
आता जखमेच्या माशीकडे परत येऊ. तिचे बारसे भारतात झाले नाही. फ्रान्समधील रांबुइये गावचे डॉक्टर जोसेफ विल्नव्ह हे माश्यांचे मोठे अभ्यासक होते. तेव्हाच्या बेल्जियन काँगोतून आलेल्या नमुन्यांचा अभ्यास करताना, मेगासेफालासारखी दिसणारी पण तिच्याहून वेगळी जात त्यांच्या लक्षात आली. १९१४ मध्ये त्यांनी तिचे वर्णन प्रसिद्ध केले आणि इटालियन कीटकतज्ज्ञ मारिओ बेझी यांच्या सन्मानार्थ तिला 'बेझियाना' म्हटले.

१२/
भारतातील उलगडा केला तो वॉल्टर स्कॉट पॅटन यांनी. ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये अधिकारी होते आणि मद्रासजवळच्या गिंडी येथील किंग इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी काम केले होते. एफ. डब्ल्यू. क्रॅग यांच्यासह त्यांनी लिहिलेले वैद्यकीय कीटकशास्त्राचे जाडजूड पाठ्यपुस्तक १९१३ मध्ये मद्रासहून प्रसिद्ध झाले होते. १९२० पासून त्यांनी इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये भारतातील या कुळातील माश्यांवर टिपणे लिहिली. त्यांतील पहिलेच टिपण बेझियानावर होते.

१३/
पॅटन यांची पद्धत साधी, पण निर्णायक होती. जखमेवर बसलेली माशी पकडून काही सिद्ध होत नाही. म्हणून जखमेतली अळी घ्यायची, तिला वाढवायचे, कोषातून पूर्ण माशी बाहेर येऊ द्यायची आणि मग तिची जात ठरवायची. या पद्धतीने माणसांच्या आणि जनावरांच्या जखमांतून पुन्हापुन्हा बाहेर आली ती बेझियाना. ही माशी जिवंत ऊतींतच वाढते, असा त्यांचा निष्कर्ष होता. भारतात माणसाच्या आणि गुराढोरांच्या जखमांत अळ्या पाडणारी प्रमुख माशी हीच, असे त्यांनी दाखवून दिले.

१४/
पुढे १९२२ च्या लेखात त्यांनी अशा माश्यांचे तीन वर्ग केले. पहिल्या वर्गाला जिवंत देहाखेरीज गत्यंतरच नसते. दुसऱ्या वर्गातील माश्या एरवी कुजक्या पदार्थांवर वाढतात, पण संधी मिळाल्यास चिघळलेल्या जखमेतही शिरतात. तिसऱ्या वर्गातील अळ्या केवळ अपघाताने शरीरात जातात. बेझियाना पहिल्या वर्गात, तर मढ्यावरच्या बहुतेक माश्या दुसऱ्या वर्गात येतात. माशी दिसते कशी, याच्या जोडीला ती जगते कशी, हाही वर्गीकरणाचा आधार झाला, हे या मांडणीचे महत्त्व.

१५/
या दोघींना वेगळे ओळखायचे कसे? भिंग हाती घेऊन तीन ठिकाणी पाहावे लागते. पहिले ठिकाण पंखाच्या मुळाशी. तिथे पडद्यासारखा एक लहान खवला असतो. बेझियानाचा खालचा खवला मेणासारखा पांढुरका, तर मेगासेफालाचा गडद तपकिरी. दुसरे ठिकाण नराचे डोळे. मेगासेफालाच्या नरात डोळ्याच्या वरच्या भागातील भिंगे मोठी असतात आणि खालच्या लहान भिंगांपासून ती जणू रेघ मारल्यासारखी वेगळी दिसतात. बेझियानाच्या नरात हा बदल हळूहळू होतो, रेघ दिसत नाही.

१६/
तिसरे ठिकाण अळी. बेझियानाच्या पूर्ण वाढलेल्या अळीच्या अंगावर जाड, काळसर काट्यांची वलये असतात. त्यांमुळे ती स्क्रूसारखी दिसते आणि डोके आत खुपसून मांसात घट्ट रुतून बसते. इंग्रजीतील तिचे 'स्क्रूवर्म' हे नाव त्यावरूनच पडले. अळीच्या पुढच्या श्वासरंध्राला बोटांसारखे फाटे असतात. बेझियानात ते साधारण चार ते सहा, तर मेगासेफालात दहा किंवा अधिक. तिसरी सोबतीण क्रायसोमिया रुफिफेसीस मात्र अळी असतानाच ओळखू येते, कारण तिच्या अंगावर मांसल, केसाळ भासणारे उंचवटे असतात.

१७/
भारतातील या कुळाचा सविस्तर ग्रंथ निघाला १९४० मध्ये. 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या मालेतील हा खंड रोनाल्ड सीनियर-व्हाइट, डॅफ्ने ऑबर्टिन आणि जॉन स्मार्ट या तिघांनी लिहिला. सीनियर-व्हाइट हे बंगाल नागपूर रेल्वेचे हिवतापतज्ज्ञ होते, तर ऑबर्टिन यांचे काम लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये चाले. रेल्वेमार्गालगतच्या डबक्यांत डास शोधणारा अधिकारी आणि संग्रहालयात टाचणीला लावलेल्या माश्यांच्या पायांवरचे केस मोजणारी अभ्यासक यांचे ज्ञान एका पुस्तकात एकत्र आले.

१८/
हे केस मोजणे निरर्थक नव्हते, याचा दाखला ऑस्ट्रेलियातून मिळतो. तेथे मेंढ्यांच्या अंगात अळ्या पडून अतोनात नुकसान होई. त्यासाठी लुसिलिया सेरिकाटा या माशीला दोष दिला जात होता. १९३० च्या सुमारास स्पष्ट झाले, की खरी दोषी तिची जुळी भासणारी लुसिलिया क्युप्रिना आहे. पुढच्या पायाच्या मांडीचा रंग आणि डोक्यामागच्या केसांची संख्या, एवढाच काय तो ठळक फरक. याच लुसिलिया गणाची फेरतपासणी ऑबर्टिन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केली.

१९/
त्याच वर्षी अमेरिकेचा प्रश्नही सुटला, आणि तिथे पुन्हा पॅटन भेटतात. तोवर ते लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत कीटकशास्त्राचे प्राध्यापक झाले होते. अमेरिकेतील पशुपालकांना छळणारी माशी म्हणजे कॉक्लिओमिया मॅसेलारिया, असा तेथील दृढ समज होता. ती मढ्यावर वाढते, म्हणून मेलेली जनावरे जाळा आणि सापळे लावा, असा सल्ला दिला जाई. शेतकरी तसे करतही. सापळे माश्यांनी भरत, तरी जिवंत जनावरांच्या जखमांतील अळ्या काही कमी होत नसत.

२०/
एमरी कुशिंग हे अमेरिकन संशोधक लिव्हरपूलला पॅटन यांच्याबरोबर काम करत होते. नराच्या जननेंद्रियांची सूक्ष्म तुलना केल्यावर दोघांना आढळले, की एका नावाखाली दोन जाती वावरत आहेत: एक मढ्यावरची, दुसरी जखमेतली. १९३३ मध्ये त्यांनी जखमेतल्या माशीला नवे नाव दिले. पुढे लक्षात आले, की शार्ल कोक्रेल या फ्रेंच नौदल वैद्याने कायेनच्या एका कैद्याच्या प्रकरणावरून तिला १८५८ मध्येच 'होमिनिव्होरॅक्स', म्हणजे माणूस खाणारी, असे नाव देऊन ठेवले होते. आज तेच नाव रूढ आहे.

२१/
या ओळखीतून जे घडले ते विसाव्या शतकातील शेतीविज्ञानाचे मोठे यश मानले जाते. जखमेतली माशी वेगळी आणि तिची संख्या तुलनेने थोडी, हे कळल्यावर एडवर्ड निपलिंग यांना एक कल्पना सुचली: प्रयोगशाळेत वाढवलेले नर किरणोत्साराने वंध्य करून मोठ्या संख्येने सोडायचे. अशा नराशी जुळलेल्या मादीची अंडी फुटतच नाहीत. रेमंड बुशलंड यांनी या माशीला कृत्रिम आहारावर वाढवून दाखवले. १९५४ मध्ये क्युरासाव बेटावरून ती काही महिन्यांत नाहीशी झाली. पुढे अमेरिकेतून आणि १९९१ पर्यंत मेक्सिकोतूनही तिचे उच्चाटन झाले. १९९२ चा जागतिक अन्न पुरस्कार या दोघांना मिळाला.

२२/
दोन्ही खंडांतील कथा शेजारी ठेवून पाहा. काँगोचे नमुने, गिंडीचे अनुभव, लिव्हरपूलचे सूक्ष्मदर्शक आणि टेक्सासची गुरे एका धाग्यात येतात. या साखळीत भारताचा दुवा महत्त्वाचा आहे. 'एकसारख्या दिसणाऱ्या दोन माश्यांपैकी एक मढ्यावर आणि एक जिवंतावर' हे कोडे पॅटन यांनी आधी इथल्या रुग्णांच्या आणि गुरांच्या जखमांत सोडवले होते. अमेरिकेचा उलगडा होण्यापूर्वी तेरा वर्षे.

२३/
आपल्या गावगाड्याच्या संदर्भात या भेदाला सामाजिक बाजूही आहे. मेलेले जनावर ओढून नेण्याचे काम महार समाजावर लादलेले होते आणि त्याच कामावरून त्याला अस्पृश्य ठरवले जात होते. १९२७ च्या महाड परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले, त्यामागे हा सारा अपमानाचा इतिहास होता. आता विचार करा. जखमेतल्या अळ्या मढ्यावरच्या माशीमुळे होतात असे मानले, तर बोट गावाबाहेरच्या ढोरफोडीकडे जाते. त्या जिवंत जखमेतूनच पसरतात हे कळले, तर तेच बोट मालकाच्या गोठ्यातील दुर्लक्षित खांद्याकडे वळते. माशीची जात ठरली, की दोषाचा पत्ताही बदलतो.

२४/
आजच्या प्रयोगशाळेत हा भेद डीएनएवरूनही ठरवता येतो. या तंत्राने एक नवी गोष्ट पुढे आली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले, की बेझियानाच्या दोन वेगळ्या वंशशाखा आहेत: एक सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतील, दुसरी आशियातील. म्हणजे विल्नव्ह यांनी जिला नाव दिले ती काँगोची माशी आणि आपल्या गोठ्यातली माशी यांचे नाव एक, पण घराणी दोन. ओळखीचे काम एकदाच करून संपत नाही, हेच यातून दिसते.

२५/
हा इतिहास जुना असला तरी प्रश्न जुना झालेला नाही. २०२२ मध्ये महाराष्ट्रात लम्पी त्वचारोगाची साथ आली, तेव्हा गाठी फुटून झालेल्या जखमांत अळ्या पडू नयेत, ही पशुपालकांची मोठी काळजी होती. लाळ्या-खुरकुतात खुरांच्या बेचक्यातील जखमांनाही हाच धोका असतो. अमेरिकेतील माशी २०२३ पासून मध्य अमेरिकेत पुन्हा उत्तरेकडे सरकू लागली आणि २०२४ च्या अखेरीस मेक्सिकोत परतली. आपल्याकडील बेझियाना तर कधी गेलीच नव्हती.

२६/
म्हणून या इतिहासातून एक व्यवहाराची गोष्ट घेऊन जा. बेझियानाची मादी जखमेच्या कडेला एका वेळी दीडशे-दोनशे अंडी घालते. दिवसभरात अळ्या बाहेर पडतात, पाच ते सात दिवस मांस खातात आणि मग स्वतःहून जमिनीवर गळून मातीत शिरतात. उष्ण हवेत आठवड्याभरात तिथे कोषातून नवी माशी तयार होते. जखमेतून काढलेली मोठी, जिवंत अळी गोठ्यातच फेकली, तर आपण पुढच्या पिढीला मातीत पेरत असतो.

२७/
टर्पेंटाईनचा बोळा आणि सीताफळाच्या पाल्याचा लगदा हे अळ्या बाहेर काढण्याचे उपाय आपल्या भागात परिचित आहेत. उपाय कोणताही असो, काढलेली प्रत्येक अळी मारूनच टाकावी आणि खोल जखमेसाठी पशुवैद्यकाला बोलवावे. वासराची नाळ, खच्चीकरणाची जखम, मोडलेले शिंग, गोचीड चावलेली जागा आणि जुवाखालचा खांदा रोज पाहावा. माणसाच्या नाका-कानात किंवा जखमेत अळ्या दिसल्या, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता लगेच दवाखाना गाठावा.

२८/
एका पांढुरक्या खवल्यावरून आणि श्वासरंध्राच्या चार-सहा फाट्यांवरून एवढा फरक पडतो. नावे ठेवणारे, केस मोजणारे आणि अळ्या वाढवत बसणारे अभ्यासक अनेकदा चेष्टेचा विषय होतात. पण शोध मढ्याकडे घ्यायचा की जखमेकडे, हे त्यांच्या नोंदींनीच सांगितले. हिंगोलीच्या शेतकऱ्याने खांदेमळणीच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर ठेवलेला हात योग्य जागीच होता. तो वर्षातून एकदाच न ठेवता पावसाळाभर रोज फिरवावा, एवढीच भर या इतिहासाने घातली आहे.

धागा समाप्त. आपल्या गावात जखमेतल्या अळ्यांना आणि त्या माशीला कोणता शब्द आहे, तो अवश्य लिहा. अशा शब्दांची नोंद हाही इतिहासच.